चित्रावरची पट्टी

सौदीतल्या अल खफजीत, आमच्या कंपाउंडमध्ये राहणारे एक नाशिकचे इंजिनियर प्लांटवर मीटर तपासतात. नुसता दिवा लागला म्हणून सही करत नाहीत. "वायर काढल्यावर विझतोय का बघायचं, मग खलास," हे त्यांचं नेहमीचं वाक्य.

परवा संध्याकाळी बाकावर त्यांची पाच वर्षांची मुलगी टॅबवर इंग्रजी अक्षरांच्या आवाजांचा खेळ खेळत होती. शब्द मोठ्याने वाचला की एक तारा. तिला धडाधड तारे मिळत होते. मी कौतुक केलं. खिशातून काळी इन्सुलेशन टेप काढून त्यांनी शब्दावरचं कोंबडीचं चित्र झाकलं.

"पप्पा, पिक्चर किधर है?"

"सुट्टीवर गेलंय. तू वाच."

ती शब्दाकडे बघत राहिली. हातातला चहा गार झाला तरी त्यांनी एक अक्षर सुचवलं नाही. शेवटी ती बोट ठेवत म्हणाली, "ह... ए... न. हेन."

"खलास," म्हणत त्यांनी गार चहा पिऊन टाकला.

घरी येऊन मीही माझ्या मुलाच्या टॅबवर चित्रावर पट्टी चिकटवली. चारशे तारे मिळवलेला माझा मुलगा अक्षरांकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत राहिला.