मांडवातले बिबडे

माझं माहेर खांडबाऱ्याचं, भाताच्या पट्ट्यातलं. त्यामुळे लग्न होऊन तापीकाठच्या प्रकाशा तीर्थाजवळच्या या गावात आले तेव्हा बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, न येणारी सून हीच माझी पहिली ओळख झाली. भिजवून दळलेल्या ज्वारीचा लसूण, मिरची, तीळ घालून घट्ट घाटा शिजवायचा आणि तो हाताला चटके देत असतानाच ओल्या फडक्यावर पातळ थापून खाटेवर उलटा टाकायचा. सासूबाईंचा बिबडा परकारानं काढल्यासारखा गोल. माझा बघून त्या विचारायच्या, "हाऊ कोनता जिल्हाना नकाशा शे?"

थापणं आपल्या हातात असतं, वाळवणं नसतं. सलग दोन दिवस कडक ऊन मिळालं, तरच बिबडा वर्षभर टिकतो. सासूबाई ओट्यावर उभ्या राहून वारा बघायच्या आणि दिवस ठरवायच्या. सगळी गल्ली त्यांच्यावर विसंबून ज्वारी भिजत घालायची. पण अलीकडे ऐन वैशाखात आभाळ भरून यायला लागलं, आणि त्यांचे अंदाज चुकायला लागले. माझा मोबाईलही चुकायचा, पण त्याला कोणी टोमणे मारत नसे.

त्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, ऊन पडेल. मोबाईलमध्येही हसरा सूर्य होता. दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

सकाळपासून गल्लीतल्या साऱ्या बायका आमच्या अंगणात थापत होत्या. खाटांवर आणि खाली अंथरलेल्या लुगड्यांवर ओळीनं बिबडे पडले होते. जेवणवेळेला तापीकडून काळं आभाळ आलं आणि टपोरे थेंब पडायला लागले.

"पानी उनं व माय, पानी उनं!"

खाटा उचलल्या, पण न्यायच्या कुठे? गल्लीच्या टोकाला एका मुलीचं त्या संध्याकाळी लग्न होतं आणि घराघरात तिचे पाहुणे उतरले होते. कोरडी जागा एकच होती, लग्नाचा मांडव. वर ताडपत्री, आत उंच पंखे.

"मांडवमा चाला!" सासूबाईंनी हुकूम सोडला.

मांडव घालणारे चाचा आमच्या मागच्या मोहल्ल्यातले. त्यांच्या वडिलांनीही गावातल्या सगळ्या लग्नांचे मांडव घातले होते. ते गुडघ्यांवर बसून लाल कारपेट ठोकत होते. समोरून खाटांची रांग येताना बघून ते हातोडीसकट आडवे आले.

"अक्का, हाई नवरदेवनी वाट शे! कारपेटवर घाटा पडना ते धोई कोन?"

"नवरदेव सांजले येई. बिबडा आते वला व्हई ऱ्हायनात!"

चाचा बाजूला झाले. खाटा संपल्या तशा लुगड्यांवरचे बिबडे खुर्च्यांवर आले, मग स्टेजवर. नवरीची आई दारात येऊन कपाळाला हात लावत म्हणाली, "मन्ही आंडेरनं लगीन शे का बिबडासनं?" पण तिचेही बिबडे त्यांतच होते, म्हणून तीही खुर्च्या ओढायला लागली. चाचांनी आपणहून सगळे पंखे खाटांकडे वळवले. नवरीच्या मामांना वाटलं, आपणही मदत करावी. त्यांनी मोठा कूलर सुरू केला, आणि त्याच्या ओल्या वाऱ्यानं वाळत आलेले बिबडे पुन्हा मऊ पडले. "कूलर बंद कर, मेल्या!" असं सासूबाई ज्याच्यावर ओरडल्या तो मुलीचा मामा होता, हे त्यांना नंतर कळलं.

एवढ्यात बँडचा आवाज आला. वाटेतल्या नाल्याला पूर येईल या धास्तीनं वऱ्हाड दुपारीच निघालं होतं. उचलाउचल करायला सवडच मिळाली नाही. वऱ्हाडी मांडवात शिरले आणि थबकले. नवरदेवाची आजी मात्र सरळ पहिल्या खाटेशी गेली, एका बिबड्याला बोट लावलं आणि तिचा चेहरा खुलला.

"वला बिबडा! तेल शे का व माय?"

अर्धवट वाळलेला बिबडा कच्च्या तेलासोबत खायला किती गोड लागतो, ते खानदेशात सांगावं लागत नाही. आणि वरपक्षाच्या आजीला नाही कोण म्हणणार? नवरीच्या आईनं तेलाची किटली आणली, कोणी शेंगदाणे आणले. मग आजीमागे आत्या, आत्यांमागे काका. आमची वर्षाची साठवण डोळ्यांसमोर संपत होती आणि सासूबाई फोटो काढताना हसावं तशा हसत म्हणत होत्या, "ल्या ना, आजून ल्या." आचारी झारा हातात घेऊन बाहेर आला, हे दृश्य बघितलं आणि रुसून परत गेला. त्याच्या वरण-बट्टीला संध्याकाळपर्यंत कोणी विचारलं नाही.

नवरदेवाचे वडील न बघता खुर्चीच्या पाठीला टेकून बसले होते. उठले तेव्हा नव्या कोटाच्या पाठीवर अख्खा बिबडा. सांगायचं कोणी? चाचा पुढे झाले, "मुबारक हो, व्याहीसाहेब!" म्हणून त्यांना कडकडून मिठी मारली आणि पाठीवर थोपटता थोपटता बिबडा अलगद सोडवून घेतला. व्याही इतके भारावले की त्यांनी चाचांना फेटा बांधला.

पाहुणे गेल्यावर सासूबाई रिकाम्या खाटेवर बसल्या. "मले आते आभाय समजत नही," म्हणाल्या. मी शेजारी जाऊन बसले.

चाचांकडून चाचींना हे कळलं तेव्हा त्यांनी आपल्या घरामागची मोकळी जागा दाखवली. चाचांनी जुने पाइप उभे केले, वर पारदर्शक प्लास्टिक ताणलं, बाजू वाऱ्याला उघड्या ठेवल्या. आता आमचे बिबडे तिथे वाळतात, आणि चाचींच्या शेवयाही. पाऊस आला तरी आत कोणी उठत नाही. फक्त लग्नाच्या तिथी दाट असल्या की चाचा तेच पाइप मांडवासाठी काढून नेतात. त्यामुळे सासूबाई हल्ली वारा बघत नाहीत. पंचांग उघडतात, आणि लग्नाचा एकही मुहूर्त नसलेला दिवस सापडला की खुशीत ज्वारी भिजत घालतात.