लेलेबाईंची शीर

परवा ऑपरेशनच्या आधी हात धुताना त्या लालसर साबणाचा वास आला आणि मी थेट त्या दिवसांत पोचलो, जेव्हा अख्खं पुणं कॉम्प्युटर शिकत होतं आणि मी पेसमेकर बसवायला.

टेबलावर सदाशिव पेठेतल्या निवृत्त शिक्षिका लेलेबाई होत्या. नाडी इतकी मंद, की स्वयंपाक करता करता चक्कर येऊन पडायच्या. पेसमेकरची तार शिरेतून हृदयात न्यायची होती. आमचे सर खांद्याजवळ छेद देऊन, शीर डोळ्यांनी बघून मगच तार घालत. मला ते बैलगाडीचं काम वाटे.

"सर, कॉलरबोनखाली सुई घातली की मिनिटात शीर मिळते," मी म्हणालो.

"घाला," सर म्हणाले.

घातली. शीर नाही. पुन्हा घातली, तर लालभडक रक्त उसळलं. शेजारची धमनी लागली होती. ती मी घट्ट दाबून धरली.

नुसती जागाच बधिर केलेली, त्यामुळे बाई जाग्या होत्या. चादरीखालून आवाज आला, "अहो डॉक्टर, पत्ता सापडत नसेल तर विचारावा. पुण्यात सांगतात, फक्त थोडा अपमान करून सांगतात."

सर इतके हसले, की छेद देण्यासाठी उचललेला चाकू त्यांना खाली ठेवावा लागला. मग त्यांनी छेद दिला, तार अलगद सरकली, पडद्यावर ठोके शिस्तीत धावू लागले आणि बाईंचे ओठ गुलाबी झाले.

आता मी सोनोग्राफीत शीर बघूनच सुई घालतो. शिकाऊ डॉक्टर चोरून घड्याळ बघतात. मग मी मुद्दाम आणखी सावकाश करतो.