पणजोबांची दोन लग्नं

वंशावळ छापायचं खूळ माझंच. इतिहासाचा मास्तर निवृत्त झाला की लातुरात त्याला दुसरं काय सुचणार? पणजोबांनी दोन बायका केल्या होत्या. एक रीतसर लग्नाची, दुसरी मोहतुराची, म्हणजे विधवा होती आणि तिच्याशी घर मांडलं. त्या दोघींचे आम्ही दोन वाडे: रेणापूरचे आम्ही आणि हिमायतनगरचे भाऊबंद. आम्ही लग्नाच्या बाईचे, ते मोहतुराचे, हे मी लहानपणापासून ऐकत आलो. त्याचा ताठाही मिरवला, खोटं कशाला सांगू.

निजामाच्या काळातला जमिनीचा उर्दू कागद नांदेडच्या एका जुन्या शिक्षकांकडून वाचून घेतला. त्यात दोघींची नावं होती, पण लग्नाची कोण आणि मोहतुराची कोण ते नव्हतं. मग आमच्या कुळाची पोथी सांभाळणारा भाट घरी आला. त्यानं ओळीवर बोट ठेवलं. मोहतुराची आमची पणजी.

"चुकलं असंल," मी म्हणालो.

"आज्यानं लिवलंय, गुरुजी. मी कशाला बदलू?"

त्याला जेवू घातलं, कपडे केले आणि वाटेला लावलं. पुस्तिकेत मात्र लहानपणी ऐकलेलंच छापलं. गैरसोयीचा पुरावा आधी वाचा, असं जन्मभर पोरांना शिकवणारा मी. पोथीचा साधा उल्लेखही केला नाही.

वर निर्लज्जपणे एक प्रत घेऊन हिमायतनगरला गेलो. तिथली चुलती ऐंशीच्या पुढची. तिची सून मोठ्यानं वाचत होती, मोहतुराच्या ओळीशी अडखळली.

"वाच की," चुलती म्हणाली. मग माझ्याकडं वळली. "भाट आला न्हाई व्हय तुमच्याकडं?"

"न्हाई," मी म्हणालो. साठी उलटलेला माणूस, तोंडावर खोटं बोललो.

मग तिनं सांगितलं. "तुझ्या आज्याची सोयरीक मोडायला आली होती. मोहतुराचं पोरगं, म्हणून मुलीकडचे नको म्हणले. तवा माझा सासरा बैठकीत उठला. मोहतुराचा मी हाय, ह्यो लग्नाचा, असं म्हणला. त्याचं सवताचं लगीन आधीच झालेलं होतं. सावत्र असला तरी भाऊच की. मंग पुढं जलमभर आम्ही तेच सांगत आलो."

त्या सोयरिकीतून माझा बाप जन्मला. मी कुठं बघावं ते मला कळेना. सून पुस्तिका मिटून बसली होती.

"समद्यांना वाटली का रं?"

"वाटली."

"मंग राहू दे आता. कोणाला सांगू नको."

"काकू," मी म्हणालो, "भाट आला होता."

"ठाऊक हाय," ती म्हणाली. "तुझ्याकडून तो इकडंच आला होता."