सर्व चालेल

अळणीबाईच्या हाताला चव नाही असं अख्खं इस्पितळ म्हणायचं, आणि ते साफ खोटं होतं. चव होती, ती वापरायची परवानगी नव्हती. इस्पितळाच्या तळघरात पथ्याचं स्वयंपाकघर होतं आणि तिथं ती एकोणीस वर्षं बिनमिठाचं, बिनसाखरेचं, बिनतेलाचं शिजवत आली होती. दुसरी कुणी असती तर दोन महिन्यांत पाट्या टाकायला लागली असती. ही बाई मात्र उकडायच्या गाजराच्या चकत्यासुद्धा एकसारख्या जाडीच्या करायची. आजारी माणसाला चव देता येत नाही, निदान ताट तरी बघवेल असं द्यावं, एवढं साधं म्हणणं होतं तिचं.

सकाळी नऊला वरून चिठ्ठ्यांची टोपली यायची. चिठ्ठीच्या पुढच्या बाजूला केसपेपरचा नंबर आणि पथ्य, म्हणजे मीठ नाही, साखर नाही, पाणी मोजून, असलं काहीबाही. मागच्या बाजूला वॉर्ड. पण अधूनमधून एखाद्या चिठ्ठीवर नुसतं लिहिलेलं असायचं, ‘सर्व चालेल’. हे दोन शब्द दोनच प्रकारच्या माणसांना मिळतात. एक, जो बरा होऊन उद्या घरी चाललाय तो. दुसरा, ज्याचं पथ्य पाळून आता काही उपयोग नाही तो. कोणता ते कळायला चिठ्ठी उलटून बघायची. मागे नेहमीचा वॉर्ड असला तर पहिला, ‘कोपऱ्यातली खोली’ असलं तर दुसरा. अळणीबाई चिठ्ठी आधी उलटायची आणि मग वाचायची. कामाला लागणाऱ्या प्रत्येक नव्या बाईला ती पहिल्या दिवशी हेच शिकवायची. कोपऱ्यातल्या खोलीचं ताट ती कुणाला करू द्यायची नाही. स्वतः करायची, झाकण ठेवताना डोळे मिटून दोन शब्द प्रार्थना म्हणायची आणि मग वर पाठवायची.

तर एक दिवस मुलांच्या वॉर्डातून एक ताट जसंच्या तसं परत आलं. ताटं ने-आण करणाऱ्या मावशीनं वरून निरोपही आणला, की एक पोरगी म्हणते, खालची बाई मीठ घालायला विसरली. आता बोला! अळणीबाईच्या कामात खोट काढणारं माणूस अजून जन्माला यायचं होतं. तिनं हात पुसले आणि तीन जिने चढून तडक वर गेली. खाटेवर सहा वर्षांची, सुजलेल्या डोळ्यांची एक पोर बसली होती. मूत्रपिंडं दोन्ही कामातून गेलेली. काका तिला इथं दाखल करून ‘आत्ता येतो’ म्हणून गेला होता तो गेलाच. आईबापांचा पत्ता त्याआधीच नव्हता.

“विसरले नाही गं बाळा,” अळणीबाई म्हणाली. “तुला मीठ चालत नाही, म्हणून घातलंच नाही.”

पोरीनं जरा विचार केला. “म्हणजे मुद्दाम विसरलीस.”

झालं, बाईचा निकालच लागला. दुसऱ्या दिवशी ताट घेऊन ती स्वतः वर गेली. पोरीनं झाकण उघडायच्या आधीच विचारलं, आज पण विसरलीस? बाई म्हणाली, आज पण. पुढं चार वर्षं या दोघींचं जेवण याच दोन वाक्यांनी सुरू झालं.

अळणीबाईचा नवरा पाट्या रंगवायचा. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, घरांच्या. अक्षर असं, की रस्त्यानं चाललेला माणूस गरज नसताना थांबून वाचायचा. लग्नाला पंधरा वर्षं झाली होती आणि घरच्या पाटीवर दोनच नावं होती. तिसऱ्या नावासाठी त्यानं खाली मोकळी जागा सोडली होती आणि त्या जागेवरून दोघांचं कधी बोलणं झालं नव्हतं. देवापुढे मात्र दोघं रोज बोलायची, गुडघ्यांना घट्टे पडले होते. बायकोनं भीतभीत पोरीचं सांगितलं, आजाराचं आधी सांगितलं, तेव्हा तो ब्रश धूत होता.

“आपण पोर मागितलं होतं,” तो म्हणाला. “धडधाकट पोर मागितलं नव्हतं. दिलंय तर घ्यायचं.”

घ्यायचं म्हणणं सोपं होतं. काकाला शोधण्यात, जाहिराती देण्यात आणि खेटे घालण्यात अडीच वर्षं गेली. तोवर पोर त्यांच्याकडे नुसती सांभाळायला दिली होती, एवढंच काय ते. घराची तपासणी करायला एक बाई आल्या. त्यांनी स्वयंपाकघरातले सगळे डबे उघडून पाहिले आणि शेवटी चमकून विचारलं की मीठ कुठंय. घरात मीठच नव्हतं. पोरीला चालत नाही तर कुणालाच नको, असं अळणीबाईनं पहिल्याच दिवशी ठरवून मिठाचा डबा शेजारी देऊन टाकला होता. तपासणीच्या बाईंनी वहीत काय लिहिलं देव जाणे, पण जाताना त्यांनी पोरीच्या गालाला हात लावला. न्यायाधीशांनी पोरीला विचारलं, तुला यांच्याकडे राहायचंय का. ती म्हणाली, हो, जेवण वाईट आहे पण राहायचंय. त्या संध्याकाळी नवऱ्यानं पाटीच्या मोकळ्या जागेत तिसरं नाव घातलं, आणि वरच्या दोन नावांपेक्षा ते जरा मोठंच झालं. घरात मात्र तिला सगळे चिमटी म्हणायचे. का, ते सांगायलाच हवं.

या घरात जेवायच्या आधी प्रार्थना व्हायची आणि ती पोरीकडे दिली होती. ती हात जोडून म्हणायची, “पित्या, या जेवणाबद्दल तुझे आभार. आणि एक चिमटी. आमेन.” एक चिमटी म्हणजे मीठ, हे वेगळं सांगायची गरज नव्हती. पहिल्यांदा अळणीबाईला हसू आवरेना. मग तिनं समजावून पाहिलं, की देवाकडे असला हट्ट करू नये. त्यावर पोर म्हणाली की तुझ्याकडे मागून झालं, आता त्याच्याकडे मागते. एका रविवारी पाळकांनी मिठावरच उपदेश केला, माणसानं मिठासारखं कसं असावं वगैरे. सगळी मंडळी गंभीरपणे ऐकत होती आणि चिमटी पहिल्या बाकावर बसून खुसुखुसु हसत होती. बाहेर पडताना पाळकांचा हात धरून तिनं विचारलं, “मग आमच्या घरचे लोक कोण?” पाळक आठवडाभर भेटेल त्याला हे सांगत सुटले होते.

नवऱ्याची एक चोरी होती. रंगाच्या पेटीत, ब्रशांच्या खाली, त्यानं कागदाच्या पुडीत मीठ दडवलं होतं. दुपारचा डबा तो कामावर खायचा, तेव्हा त्यात चिमूटभर टाकायचा. दोन वर्षं टाकली. मग एक दिवस प्रार्थनेत त्याचा त्यालाच राहवेना आणि त्यानं सगळ्यांदेखत कबूल केलं. चिमटी दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, कसं लागतं. तो म्हणाला, काही विशेष नाही. धडधडीत खोटं बोलला आणि मग त्याबद्दल पुन्हा वेगळी माफी मागितली. पुडी मात्र पेटीतच पडून राहिली.

अळणीबाईनं देवाशी सौदा केला होता. मी तिच्या जेवणात एकही चूक करणार नाही, तू तिला माझ्याजवळ ठेव. असला सौदा करू नये हे तिला कळत होतं, पाळकांनी ऐकलं असतं तर रागावले असते. पण आईला कसले आलेत नियम? तिनं बटाट्याचे पातळ काप करून ते दोन-दोन तास कोमट पाण्यात ठेवले, पाणी फेकलं, पुन्हा नवं घातलं, मग भरपूर पाण्यात उकडून तेही फेकलं. बटाट्यातला जो क्षार चिमटीच्या शरीराला बाहेर टाकता येत नव्हता, तो असा काढावा लागतो. राहतो तो ओल्या कागदासारखा लागतो. रोजचं पाणी ती मापून द्यायची, शेवटच्या घोटापर्यंत. शाळेत कुणाच्या वाढदिवसाला खाऊ वाटला तर चिमटी तो मुठीत धरून घरी आणायची आणि टेबलावर ठेवायची, न खाता. तळलेले काप, वर मीठ, एवढंच चिमटीला हवं होतं. शेजारच्या खाटेवरच्या मुलाला तिनं ते खाताना एकदा पाहिलं होतं. चार वर्षांत ते तिला मिळालं नाही.

आणि तरी दहावं लागता लागता तिची सूज वाढली. रक्त साफ करायच्या मशिनवर जाणं आठवड्याला दोनदाचं तीनदा झालं. आपलं एक मूत्रपिंड द्यायला दोघंही एका पायावर तयार होती. अळणीबाईचा रक्तदाब आडवा आला आणि नवऱ्याचा रक्तगट. मग मशिनही चिमटीला सोसेना. अळणीबाई रोज सकाळी सहाला वॉर्डात चिमटीचे केस विंचरून खाली कामावर उतरायची. डॉक्टर काही बोलायला लागले की ती त्यांना चिमटीनं काल किती खाल्लं ते ऐकवायची. शेवटी डॉक्टरांनी एका संध्याकाळी नवऱ्याला एकट्याला गाठून सांगितलं. त्याला घरी जाऊन ते तोंडातून काढता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी नऊला टोपली आली. अळणीबाईनं वरचीच चिठ्ठी उचलली. चिमटीचा नंबर, तो तर तिला झोपेतही पाठ होता. पुढं लिहिलं होतं, ‘सर्व चालेल’.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिनं चिठ्ठी उलटली नाही.

“ऐकलं गं बायांनो,” ती म्हणाली. “प्रभूनं ऐकलं माझं.” आणि ती मटकन स्टुलावर बसून रडायला लागली. बायका भांड्यांकडे बघत राहिल्या. चिठ्ठी उलट, असं सांगायची एकीचीही छाती झाली नाही, आणि त्यांना दोष तरी कसा द्यावा? अळणीबाईनं डोळे पुसले, बटाटे सोलले, काप केले आणि पाण्यात न टाकता तसेच ठेवले. तेल तापत टाकलं. ‘सर्व चालेल’च्या ताटांपुरतं तेल-मीठ फडताळात असायचं, पण चिमटीसाठी तिला घरचंच मीठ हवं होतं. तिनं नवऱ्याला फोन करून सांगितलं, रंगाच्या पेटीतली ती पुडी घेऊन या, आपल्या चिमटीला सर्व चालेल आलंय.

तो आला. बोटांना निळा रंग तसाच होता. पुडी तिच्या हातात देण्याऐवजी त्यानं ती चिठ्ठीशेजारी ठेवली, आणि तिथंच उभा राहिला. एवढी आनंदाची बातमी, आणि हा माणूस असा का उभा आहे, म्हणून तिनं त्याच्या तोंडाकडे बघितलं. मग चिठ्ठीकडे. मग हात पुसले आणि चिठ्ठी उलटली.

तेल धुरायला लागलं होतं, तिनं आच बारीक केली.

“तळू की नको?” तिनं विचारलं.

“तळ,” तो म्हणाला.

तिनं तळले. छान सोनेरी तळले, कारण वाईट तिला करताच येत नव्हतं. वर चिमूटभर मीठ घातलं आणि झाकण ठेवताना डोळे मिटले, पण शब्द फुटला नाही. कोपऱ्यातल्या खोलीत चिमटी उशीला टेकून बसली होती. झाकण उघडल्यावर तिनं ताटाकडे बघितलं, आईकडे बघितलं, दाराशी उभ्या बाबाकडे बघितलं. एक काप उचलून तोंडात घातला आणि सावकाश चावला.

“आज विसरली नाहीस वाटतं,” ती म्हणाली.

“नाही गं,” अळणीबाई म्हणाली.

इस्पितळात वाढलेल्या पोरीला काय समजावून सांगायचं? तिनं दुसरा काप उचलला, परत ठेवला आणि ताट हळूच पुढं सरकवलं. “जीभ चुरचुरते,” ती म्हणाली. “मला आपलं दे ना. विसरलेलं.”

अळणीबाई खाली गेली. आता पाणी बदलायची काही गरज उरली नव्हती, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तरी तिनं काप दोन तास पाण्यात ठेवले, पाणी फेकलं, नवं घातलं. नवरा शेजारी उभा राहिला. चार वर्षं पोरीला एक चिमटी नाकारली, आणि दिली असती तरी हेच झालं असतं. हे तिला त्या दोन तासांत कळलं, आणि त्यापुढं तिला देवाशी बोलावंसंही वाटेना. पोरीची इच्छाच तिनं इतकी नीट मारली होती, की हातात आल्यावर ती तिला खातासुद्धा आली नाही. हे पाप कुठं फेडायचं?

ताट वर गेलं तेव्हा दुपार झाली होती. चिमटीनं विचारलं, आज पण विसरलीस? बाई म्हणाली, आज पण. मग चिमटीनं हात जोडले. सुईच्या पट्ट्यांमुळे ते नीट जुळत नव्हते.

“पित्या, या जेवणाबद्दल तुझे आभार,” ती म्हणाली. दोघंही मिटल्या डोळ्यांनी पुढच्या शब्दांची वाट बघत राहिली. “आमेन.”

बाबानं डोळे उघडले. खालून उचलून आणलेली ती पुडी त्याच्या मुठीत होती. “आणि एक चिमटी?”

“राहू दे बाबा,” ती म्हणाली. “आता काय.”

तिनं चार काप खाल्ले.