अयुथयातला पुकारा

लालबागच्या आमच्या चाळीतले काका भोईवाडा कोर्टात पुकारा करायचे. रिटायर झाले, तरी सवय सुटली नाही. थायलंडच्या ट्रिपमध्ये रोज सकाळी गाडी सुटण्याआधी ते आम्हा बाराही जणांची नावं वडिलांच्या नावासकट असे पुकारत, की शेजारच्या भातखाचरातले बगळे उडत.

अयुथयाच्या पडक्या देवळांत मी त्यांच्या हाती फोन दिला आणि शीर नसलेल्या बुद्धमूर्तीमागे उभं राहून तिला माझं डोकं बसवलं. फोटो निघाला आणि शिट्टी वाजली. असं करणं हा तिथे मूर्तीचा घोर अपमान. गाइडनं ते बजावलं होतं, तेव्हा मी शहाळं पीत होतो. पहारेकरी धावत आला, तसा मी विटांच्या स्तूपाआड लपलो.

"सुहास दत्ताराम, हाजिर हो!"

तिसऱ्या पुकाऱ्याला मी हात जोडूनच बाहेर आलो.

"टेक गुडघे," काका म्हणाले. मी मूर्तीपुढे टेकले. बघतो तर चपला काढून, दुखरे गुडघे टेकून तेही शेजारी. पहारेकऱ्यानं शिट्टी खिशात टाकली.

"काका, तुम्ही कशाला?"

"फोटो कोणी काढला रे?" ते पुटपुटले. "मी आरोपी नंबर दोन."