अक्काला रडायची मनाई होती

मागच्या महिन्यात एका मंगळवारी अक्काला घेऊन दवाखान्यात गेले होते. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, परंड्याजवळच्या खेड्यात दिलेली. मी इथं धाराशिवला नोकरीला असते, म्हणून दाजींनीच तिला एसटीत बसवून माझ्याकडं पाठवलं होतं.

पावसाळा संपता संपता तिची वैशू गेली... एकुलती एक लेक. नर्सिंगला होती. डेंग्यूचं निमित्त झालं आणि बघता बघता सगळं संपलं.

आणि अक्का रडली नाही. आपल्याकडं मयतीला बाया गळ्यात गळा घालून रडतात, गेलेल्याचं एकेक आठवून बोलतात. अक्काच्या अंगणात तसं काहीच झालं नाही, कारण दाजींच्या सत्संगाची माणसं आमच्या आधी येऊन बसली होती.

"कुणी रडायचं न्हाय," त्यांनी बजावलं. "आईच्या डोळ्यातलं पाणी लेकीच्या वाटंत आडवं येतंय. आत्मा अडकून पडतो." वैशूचं नाव घ्यायचं नाही, फोटो लावायचा नाही... त्यांच्या महाराजांची तशी आज्ञा आहे म्हणे.

दाजींना नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही. त्याच सत्संगानं त्यांची दारू सोडवली, मोडायला आलेला संसार सावरला. घरातला देव्हारा काढायला सांगितला तेव्हाही अक्का गप्प बसली. "ज्यांनी माजा माणूस परत दिला, त्यांचं ऐकाया नको व्हय?" असं मलाच म्हणाली होती.

लेक गेल्यावरही तिनं ऐकलं. डोळे भरून आले की चुलीपुढं जाऊन बसायची, धुराचं निमित्त करायची. आणि तिथंसुद्धा पदरानं घाईघाईनं पुसून टाकायची... न जाणो, एखाद्या थेंबानं वैशूची वाट अडायची.

मग छातीत दुखायला लागलं. घास गिळंना, रात्रीची झोप गेली. डॉक्टरांनी ईसीजी काढला, रक्त तपासलं, काहीच निघालं नाही. शेवटी त्यांनी विचारलं, "घरात काही दुःखाचं घडलंय का?"

"न्हाय. काय न्हाय," अक्का म्हणाली.

मी तिच्या तोंडाकडं बघतच राहिले. मग मीच डॉक्टरांना सगळं सांगितलं, आणि ती खाली मान घालून ऐकत राहिली... दुसऱ्याच कुणाचं चाललंय अशी.

बाहेर आल्यावर मात्र हळूच म्हणाली, "तुळजापूरला जाऊन येऊ का गं? ह्यांना सांगू नको."

गेलो. मंगळवार म्हणून रांग मोठी होती. देवीसमोर अक्कानं नुसते हात जोडले, काही मागितलं नाही. बाहेर येऊन सावलीला टेकलो. शेजारी एक वयस्कर बाई पिशवीतलं ओटीचं सामान नीट लावत बसली होती. कर्नाटकाकडची असावी, बोलण्यात कानडी हेल होता. अक्कानं तिच्याकडं बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "मावशी, हितं रडलं तर चालतंय का?"

बाईचा हात थांबला. "आईच्या दारात न्हाय रडायचं तर कुठं रडायचं गं?" ती म्हणाली. मग जवळ सरकली. "कोण गेलं?"

"माजी वैशू..."

इतक्या दिवसांत पहिल्यांदा ते नाव अक्काच्या तोंडून आलं. आणि मग तिनं जो हंबरडा फोडला... माझ्या अंगावर आत्ता लिहितानासुद्धा काटा येतोय. लोक वळून बघत होते, पण गप्प बस असं कुणीही म्हणालं नाही. त्या बाईनं अक्काचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं आणि नुसती पाठीवरून हात फिरवत राहिली. मलाही कुठं रडू आवरत होतं...

हे ऐकून ऑफिसातली मैत्रीण म्हणाली, "म्हणूनच मी देवधर्म काही मानत नाही." तिचा राग मला कळतो. पण मी दिवा लावल्याशिवाय सकाळचा चहा घेत नाही, आणि यापुढंही घेणार नाही. अक्काला रडू दिलं तेही देवळातच. राग मला त्या आज्ञेचा येतो, जी आईच्या डोळ्यातल्या पाण्यालाही पाप ठरवते.

त्याच दिवशी संध्याकाळी मी स्वतः तिला घरी पोचवायला गेले. दाजी दारातच बसले होते. तिचे सुजलेले डोळे, कपाळावरचा मळवट बघून सगळं समजले.

"रडलीस?"

"व्हय. रडले."

आता भडकणार असं मला वाटलं. पण ते माझ्याकडं वळले आणि बारीक आवाजात म्हणाले, "अन् खरंच तिची वाट अडली असंल तर?"

तो राग नव्हता हो... बापाची भीती होती. जी अक्काच्या पोटात होती तीच. "दाजी, तुम्हीबी थोडं रडून घ्या," एवढंच मी म्हणाले. ते उठून गोठ्याकडं गेले.

दाजी अजूनही सत्संगाला जातात. वैशूचा फोटो अजून भिंतीवर आलेला नाही. अक्काचा घास आता थोडा थोडा उतरतोय, छातीतलं दुखणं मात्र येऊन जाऊन आहे.

काल तिचा फोन आला. वैशूचंच बोलत होती. हल्ली दाजी घरात नसले की बोलते. "सुट्टीला आली की पहिल्या दिवशी मेथीची भाजी करायला लावायची बघ," असं काहीतरी सांगत होती, आणि मागून अचानक दाजींचा आवाज आला. बाहेरून कधी आत आले होते कुणास ठाऊक.

"मेथी न्हवं. शेवग्याच्या शेंगा लागायच्या वैशूला."

मी फोन कानाला तसाच धरला... पलीकडं दाजी रडत होते.

त्या अनोळखी मावशीचं नाव-गाव विचारायचं राहूनच गेलं. कुठं असतील तिथं त्यांना माझा नमस्कार.