समोरची खुर्ची

सुमनताई गेल्याचा निरोप आला तेव्हा मी कोर्टात उलटतपासणी घेत होतो. कारकुनानं कानाशी येऊन सांगितलं आणि पुढचा प्रश्न... आठवेना. पुढची तारीख मागावी असं वाटलं. पण काम अर्ध्यात सोडणारा वकील ताईंच्या डोक्यात जायचा. घोटभर पाणी प्यालो, उलटतपासणी संपवली आणि मगच बाहेर पडलो.

ताई आपल्या जिल्ह्याच्या मुख्य सरकारी वकील होत्या, मी आरोपींचा. अर्धं आयुष्य आम्ही समोरासमोर भांडलो आणि मधल्या सुट्टीत एकत्र जेवलो. भाकरी त्यांची, खिमा माझ्या घरचा. गुलमंडीजवळच्या त्यांच्या ऑफिसात टेबलापलीकडे वेताची एक खुर्ची होती. खटल्याच्या आदल्या संध्याकाळी ताई आपली जागा सोडून तिच्यात बसायच्या आणि आरोपीची बाजू मांडायच्या, मोठ्यानं, तावातावानं. एकदा मी दारात उभा असताना ज्युनिअरला म्हणाल्या, "आत्ता मला मॅडम म्हणू नको. इथं शेखसाहेब बसलेत." शेखसाहेब म्हणजे मी.

कापड दुकान फोडल्याच्या खटल्यात एक हमाल पोरगा आरोपी होता आणि मी त्याचा वकील. त्याला शटर उचकटताना पाहिलं, असं समोरचा पानवाला सांगत होता. पुरावा एवढाच. ताई त्या खुर्चीत बसल्या, विचारात पडल्या आणि उठून थेट पानटपरीवर गेल्या. दुकानापुढच्या बुटक्या पत्र्यामुळे तिथून शटरपाशी उभ्या माणसाचा चेहराच दिसत नव्हता. मला हे सुचलंच नव्हतं. माझी खुर्ची माझ्याहून हुशार निघाली. खटला मागे घेतलात तर पुढची नेमणूक विसरा, असं वरच्यांनी बजावलं. तरी दुसऱ्या दिवशी ताईंनी भर कोर्टात खटला मागे घेण्याची परवानगी मागितली. पोरगा सुटला, ताईंचं पद गेलं. मी हळहळलो, तर म्हणाल्या, "गेलं तर गेलं, शेखसाहेब. पोरगं घरी गेलं नाय का? मी काय पद घेऊन जन्मले व्हते?"

ताई गेल्यावर ऑफिस रिकामं करताना त्यांच्या मुलीनं ती खुर्ची माझ्याकडे पाठवली. आता तिच्यात बसून मी सरकारची बाजू मांडतो, ताईंसारखी कडक. समोरून टोकायला त्या नाहीत... फार जड जातं. परवा एका अशिलानं आणलेला साक्षीदार माझ्या त्या खुर्चीतल्या प्रश्नांपुढे टिकला नाही. साफ खोटा होता. याला मी कोर्टात उभा करणार नाही, असं सांगितलं. अशील तापला. वकीलपत्र काढून घेतो म्हणाला.

"खुशाल घ्या," मी म्हणालो.